शिवेपलीकडे अकरा पावलं

आमच्या घरी दसऱ्याला सोनं वाटण्याआधी एका शब्दाचा अर्थ वाटला जायचा. सकाळी पूजा व्हायची. पणजोबांची गंजकी तलवार, माझी पाटी आणि दादांचा बोरू एकाच चौरंगावर, एकाच झेंडूच्या माळेखाली. मग दादा, म्हणजे आमचे वडील, पाटावर मांडी घालून बसत, टोपीत धान्याचे पिवळे तुरे खोवत, आणि घरातल्या सर्वांत धाकट्या मुलीने विचारायचं, "दादा, सीमोल्लंघन म्हणजे काय?" आधी हा मान अक्काचा होता. मी बोलायला लागल्यावर तो माझ्याकडे आला. उत्तर मला पाठ होतं, आईला पाठ होतं, खाली राहणाऱ्या भाभीजींनाही निम्मं पाठ असावं, तरी दरवर्षी दादा घसा खाकरून नव्याने सांगत. सीमा म्हणजे शीव. लंघ् म्हणजे उडी मारून पलीकडे जाणं. आजारात आपण लंघन करतो तेही तेच, जेवणाच्या वेळेवरून उडी मारायची. त्याला 'उत्' लागला की उल्लंघन. पाऊस सरला, नद्या उतरल्या, वाटा सुकल्या, की शिलेदार या दिवशी गावाची शीव ओलांडून मुलुखगिरीला निघत, म्हणून सीमोल्लंघन. एवढं झालं की ते बोट वर करत. "पण आज्ञेचंही उल्लंघन असतं, ते वेगळं. शिलेदाराला घरच्यांनी निरोप दिलेला असतो, आणि तो परत येतो. परत आला की दारात त्याला ओवाळायचं. ओवाळून घेतल्याशिवाय आलेला माणूस घरात आला असं होत नाही." हे शेवटचं वाक्य कुठल्याही कोशात नाही. मी पुढे शोधलं. ते दादांनी स्वतःच्या पदरचं घातलेलं होतं, आणि आमच्या घराचं वाटोळं झालं ते नेमकं त्याच वाक्यामुळे.

इंदुरातलं आमचं घर म्हणजे एका शेववाल्याच्या दुकानावरच्या तीन खोल्या. पहाटे मिलचा भोंगा व्हायचा, पाठोपाठ खाली भट्टी पेटायची, आणि झाऱ्यावर बेसन घासल्याचा खरखर आवाज जमिनीतून थेट अंथरुणात यायचा. सगळ्या घराला लवंगेचा आणि लाल मिरचीचा वास. आमच्या परकरांना, पुस्तकांना, आईच्या केसांनाही. शाळेत मुली मला हुंगून म्हणायच्या, "आली रतलामी." पावसाळा उतरणीला लागला की आई भुट्टे किसून दुधात शिजवायची आणि वर खाली तळलेली ताजी शेव पसरायची. भाभीजी, म्हणजे शेववाल्याची बायको, डोक्यावरचा पदर सावरत जिन्याखालून हाक द्यायची, "बाईजी, जरा कीस तो भेजो!" आणि त्या वाटीच्या बदल्यात वर जिलेबी यायची. आज सुदामा नगरातल्या माझ्या फ्लॅटमध्ये सूनबाई मिक्सरमधून भुट्टे फिरवते. चांगला करते, उगीच नावं ठेवणार नाही. पण मी दोन घास खाऊन वाटी बाजूला ठेवते. तिला वाटतं मला गोड-तिखट पचत नाही. तसंच वाटू दे.

दादा दरबारच्या दफ्तरात होते. मोडीतले जुने कागद वाचून बाळबोधीत उतरवायचे हे त्यांचं काम, त्यामुळे शब्द फोडून बघायची खोड. मग संस्थान गेलं आणि मध्यभारत आलं. सहा महिने राजधानी इंदुरात, सहा महिने ग्वाल्हेरला. दफ्तर गाड्या भरभरून तिकडे जायचं आणि उन्हाळ्यात परत यायचं. दादांना फर्मान आलं की ग्वाल्हेरला हजर व्हा. सगळे गेले. कुरकुरत गेले, पण गेले. दादा म्हणाले, "आमच्या चार पिढ्या ज्यांच्याशी लढल्या, त्यांच्या गावी जाऊन मी खर्डेघाशी करू?" आणि चाळिशी जेमतेम ओलांडलेली असताना निवृत्ती घेऊन घरी बसले. आता हसू येतं. पानिपतावरून परतल्यावर कुणी कुणाला रसद दिली नाही, या रागापायी एका कारकुनाने नोकरी सोडली! असला मूर्खपणा फक्त आमच्यातच होऊ शकतो. पण त्या वेळी आम्हाला ते पराक्रमासारखं वाटलं, आणि दादा दिवसभर खिडकीशी बसून जुन्या कागदांच्या नकला करत राहिले, ज्या कुणी मागितलेल्या नव्हत्या.

दरबारची दसऱ्याची स्वारी बंद झाली तरी दादांचं सीमोल्लंघन बंद झालं नाही. दुपार कलली की पांढरी शुभ्र बंडी, वर कोट, कपाळाला गंध, आणि एकटे पायी पश्चिमेला निघत. नाक्याच्या पुढे, जिथे तेव्हा बाभळी आणि ज्वारीची शेतं होती, तिथे शेंदूर फासलेला शिवेचा दगड होता. त्याच्या पलीकडे उजवं पाऊल टाकायचं, मोजून अकरा पावलं जायचं, आपट्याची पानं तोडायची आणि परत फिरायचं. त्यांना मुलगा नव्हता. अक्का लहान असताना ते तिला खांद्यावर बसवून न्यायचे. "माझं पहिलं सीमोल्लंघन दादांच्या खांद्यावर झालं," असं अक्का मोठ्या तोऱ्यात सांगायची. ती न्हातीधुती झाल्यावर ते बंद झालं. मला त्यांनी कधी नेलंच नाही. तोवर बहुधा त्यांचे खांदे दुखायला लागले होते.

अक्का माझ्याहून आठ वर्षांनी मोठी. उंच, सावळी, चालताना चपला फटफट वाजवणारी. तिने मास्तरकीचं शिक्षण पुरं केलं तेव्हा दादांनीच पेढे वाटले होते. पण जूनमध्ये सरकारी पाकीट आलं, देपालपूरच्या मुलींच्या शाळेत नेमणूक, आणि घरात सुतक पडल्यासारखं झालं. इंदूरहून देपालपूर म्हणजे काही काशी-रामेश्वर नाही, बसने सकाळी निघालं तर जेवायला तिथे. पण रोज जाऊन येणं तेव्हा शक्य नव्हतं, तिथेच राहायला हवं होतं. बिनलग्नाच्या मुलीने परगावी, एकटीने! तीन दिवस दादा बोललेच नाहीत. चौथ्या दिवशी अक्काच त्यांच्यासमोर जाऊन बसली.

"दादा, सीधी बात आहे. शाळा मुलींची, खोली हेडबाईंच्या शेजारी. मी जाऊ की नको?"

दादांनी बोरू खाली ठेवला नाही. "जायचं असेल तर मला विचारून जाऊ नकोस. कारण मी हो म्हणणार नाही."

"आणि न विचारता गेले तर?"

"तर ते उल्लंघन."

आई दारातून म्हणाली, "अहो, शब्दांचा खेळ काय करता? पोरीचा दिमाग खराब करू नका. हो किंवा नाही, एक सांगा ना."

त्यांनी दोन्ही सांगितलं नाही. अक्का दुसऱ्या सोमवारी गेली. पत्र्याची ट्रंक, एक वळकटी, आणि भाभीजींनी बांधून दिलेली शेवेची पुडी. दादा खिडकीशी पाठमोरे बसून होते. ती वाकून नमस्कार करून निघाली, तेव्हा त्यांचा हात आशीर्वादासाठी उचलल्यासारखा मला दिसला, पण तो दौतीकडे गेला. मी तेव्हा बारा वर्षांची होते आणि मला सगळं दिसायचं. दिसायचं एवढंच.

दर आठवड्याला अक्काचं पत्र यायचं, आईच्या नावे. आईला वाचता यायचं, पण तिचे डोळे भरून यायचे आणि अक्षरं बुडायची, म्हणून वाचायचं काम माझं. स्वयंपाकघरात चुलीशी बसून मी वाचायची, आणि मधल्या खोलीतल्या दादांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने वाचायची. हे कुणी सांगितलं नव्हतं, पण आई, मी आणि दादा, तिघांनाही ठाऊक होतं. शाळेत पाणी गळतं. पाटलांची मुलगी हुशार आहे पण तिला खुरपणीला ठेवून घेतात. एकदा अक्काने लिहिलं होतं, 'आम्ही सर्व शिक्षिका ह्या तिथे गेलो', तर आतून आवाज आला, "'ह्या' कशाला? काढ तो." आईने पदर तोंडाला लावला. ती रडत होती की हसत होती ते मला कळलं नाही. आणखी एका पत्रात होतं, 'मी मुलींना शब्द फोडून दाखवते, दादा दाखवतात तसे. आधी हसल्या, आता स्वतःच विचारतात, बाईजी, ये शब्द कहाँ से आया?' त्या संध्याकाळी दादांनी आतून काही सुधारलं नाही. जेवताना मात्र त्यांनी भाकरी मागून घेतली, आणि आईला म्हणाले, "तिकडे थंडी जास्त पडते. रजई दिली होतीस का?" आई म्हणाली, "देते." एवढंच. पण त्या घरात तेव्हा एवढंही खूप होतं. मला वाटलं, आता होईल सगळं नीट.

आणि मग दसऱ्याच्या आधीचं पत्र आलं. सुट्टीला येतेय म्हणून. मी आनंदाने इतकी फुगले होते की पत्र आधी मनात वाचून घ्यायचं सुचलंच नाही. मोठ्याने, नाटकातल्यासारखी वाचत सुटले. 'यंदा घरात शीव ओलांडून येणारी मीच खरी. दादा तर अकरा पावलं जाऊन परत फिरतात. तेव्हा ताट माझ्यासाठी तयार ठेवा, आणि आधी मला ओवाळा, मग त्यांना!' वाचून मी स्वतःच खिदळले. आई हसली नाही. मधल्या खोलीत काही तरी सरकल्याचा आवाज झाला. दादा दारात आले. हातात बोरू तसाच होता. "अकरा पावलं," ते म्हणाले. "बरोबर आहे. अकराच." आणि परत जाऊन बसले. ती थट्टा होती. अक्काची नेहमीची, लाडाची थट्टा. समोर असती तर त्यांनीही हसून घेतली असती. पण ग्वाल्हेरला न गेलेल्या, घरी बसलेल्या माणसाला ती कागदावरून, माझ्या तोंडून, माझ्या त्या आगाऊ आवाजात ऐकायला मिळाली. ते एक वाक्य मी गिळलं असतं तर कुणाचं काय बिघडलं असतं?

दसऱ्याला दादा नेहमीसारखे निघाले. पुढचं मला अक्काकडून कळलं नाही, तिच्याशी बोलणंच झालं नाही. ते भाभीजींनी तिच्याकडून ऐकून सांगितलं. देपालपूरची बस नाक्यापाशी आली तेव्हा अक्काला खिडकीतून दादा दिसले, दगडापलीकडे आपट्याच्या झाडाशी. तिने कंडक्टरला ओरडून बस थांबवली आणि उतरली. "दादा!" म्हणून हाक मारली. ते वळले, तिला बघितलं, आणि गावाकडे चालायला लागले. ती मागून. तिने त्याच झाडाची पानं तोडून घेतली होती. नाक्यापासून घरापर्यंत, सगळ्या बाजारातून, लोक एकमेकांना सोनं देत होते, गळ्यात पडत होते, आणि त्या गर्दीतून हे दोघं असे आले, वीसेक पावलांच्या अंतराने. ते थांबले नाहीत, आणि तिने गाठलं नाही. मी गच्चीवरून बघितलं. तिच्या चपलांचा फटफट आवाज वर येत होता.

जिन्याच्या वर, दारात, आई ताट घेऊन उभी. निरांजन, सुपारी, अंगठी, अक्षता. तिने दादांना ओवाळलं. ते आत जाऊन पाटावर बसले. मग अक्का दारात आली, पायऱ्या चढून धापा टाकत, हातात आपट्याची डहाळी, तोंडभर हसू, आणि ते हसू तिने मुद्दाम धरून ठेवलेलं होतं हे मला दिसत होतं. आईने ताट वर उचललं.

"ताट आत घे," दादा म्हणाले. आवाज चढवला नाही.

"सणासुदीला तमाशा नको हो. पोर दारात उभी आहे."

"आत घे म्हटलं."

आई त्यांच्या शब्दाबाहेर कधी गेली नव्हती. त्याही दिवशी गेली नाही. पण तिने एक केलं. वळली आणि ताट माझ्या हातात दिलं. अगदी हळू म्हणाली, "धाकटे, तू ओवाळ." आणि स्वयंपाकघरात निघून गेली.

मला कुणी नाही म्हटलं नव्हतं. हे मी गेली कित्येक वर्षं स्वतःला सांगत आले आहे, आणि दरवेळी त्याची धार तेवढीच लागते. दादांनी जे सांगितलं ते आईला. माझ्या हातात ताट होतं, निरांजन पेटलेलं होतं, आणि अक्का माझ्याकडे बघत होती. "काय गं, हात दुखतात का?" ती म्हणाली. मी दादांकडे बघितलं. ते माझ्याकडेच बघत होते. काही बोलले नाहीत, मान हलवली नाही, काही नाही. नुसते बघत होते. मी घाबरले. ताट घेऊन मी मागे सरले, आणखी मागे, आणि देवघरात जाऊन ते खाली ठेवलं. तिथे उभी राहून मी कान देत होते. अक्का बराच वेळ तशीच उंबऱ्याबाहेर असावी. मग तिचा आवाज आला, "सोनं घ्या, सोन्यासारखे राहा." आणि जिना उतरणाऱ्या चपला.

खाली भाभीजींनी तिला ओढून घरात नेलं. "आव बेटी, म्हारे यां बेठ. बाप हे, मान जायगा." तिने पुरी खाल्ली म्हणे, पाणी प्यायली, आणि परतीच्या बसने गेली. उंबऱ्यावर ठेवलेली पानं दादांनी उचलली नाहीत, आईलाही उचलू दिली नाहीत. ती वाळून उडून जाईपर्यंत आम्ही तिघंही त्यांच्यावरून पाय उचलून ये-जा करत होतो.

पत्रं आमच्या पत्त्यावर यायची थांबली. ती दुकानाच्या पत्त्यावर येऊ लागली, आणि आई पोह्यांना शेव आणायच्या निमित्ताने खाली जाऊन वाचून यायची. वर मोठ्याने वाचायला काही उरलं नाही. दादा कधी कधी स्वयंपाकघराच्या दाराशी उगीच येऊन उभे राहायचे आणि पाणी मागायचे. त्यांच्या खोलीत भरलेला तांब्या असायचा.

पुढच्या भाद्रपदात देपालपूरचा एक धान्यवाला दुकानात शेव घ्यायला आला आणि बोलता बोलता म्हणाला, "वो आपके ऊपरवालों की मास्टरनीजी बहुत बीमार हैं." भाभीजी तशीच बेसनाचे हात घेऊन वर आली. दादांनी ऐकलं आणि कोट न घालता निघाले. अख्ख्या आयुष्यात पहिल्यांदाच ते त्या दगडापलीकडे अकरा पावलांच्या पुढे गेले. त्यात नद्याही फुगल्या होत्या. रस्त्यातला ओढा भरला होता आणि बस अलीकडेच अडून राहिली. ते कमरेएवढ्या पाण्यातून गेले असं ऐकलं. पोचले तेव्हा गावाने सगळं उरकलं होतं. विषमज्वर. वैद्यांनी लंघन सांगितलं होतं, एकवीस दिवसांचं, तेव्हा तोच उपाय होता. हेडबाईंनी दादांना विचारलं, आपण कोण? घरी कळवू का म्हटलं तर अक्का म्हणायची म्हणे, 'मी बरी झाले की दसऱ्याला स्वतःच जाणार आहे.'

दादा ट्रंक घेऊन परत आले. आईने दारात त्यांच्या पायांवर पाणी घातलं आणि ट्रंक त्यांच्या हातातून काढून घेतली. एक शब्द बोलली नाही. त्या दिवशी नाही, आणि तसं बघितलं तर पुढेही फारसं नाही. वाढायची, उचलायची. ती आणखी अकरा वर्षं जगली.

त्या वर्षी आमच्याकडे सण नव्हता. तरी दसऱ्याच्या सकाळी दादांनी चौरंग मांडला, तलवार ठेवली, बोरू ठेवला, आणि पाटावर येऊन बसले. सवयीने बसले असतील. टोपीत तुरा नव्हता. मी समोर बसले. खालून नुसता झाऱ्याचा आवाज येत होता. मग मला ते सहन होईना आणि मी दरवर्षीसारखं विचारलं, "दादा, सीमोल्लंघन म्हणजे काय?" मला वाटलं, ते सांगायला लागतील, निदान सीमा म्हणजे शीव एवढं तरी, आणि घरात पुन्हा माणसाचा आवाज होईल.

दादांनी माझ्याकडे बघितलं, त्या दिवशी बघितलं होतं अगदी तसंच.

"तू ओवाळलं असतंस तर मी अडवणार नव्हतो," ते म्हणाले. "मी वाट बघत होतो."

आज मी त्या दगडाच्या पलीकडे राहते. शहर वाढत वाढत इथवर आलं, दगड कुठल्या रस्त्याखाली गेला कुणाला ठाऊक. दसऱ्याला बिल्डिंगमधली पोरं पानं घेऊन येतात, "आजीजी, सोना लो!" म्हणतात, आणि मी प्रत्येकाला दारात थांबवून ओवाळते. त्यांना गंमत वाटते, सुनेला वेळखाऊ वाटतं. दादांवर माझा अजून राग आहे. पोरीला उंबऱ्याबाहेर उभं ठेवलं म्हणून आहेच, पण त्याहून जास्त त्या दोन वाक्यांसाठी आहे. तेरा वर्षांच्या मुलीला ते त्यांनी सांगायला नको होतं.